वॉशिंग मशीनमधली रंगपेटी

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

"मला दोन मुलं. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. आम्ही दोघं नोकरी करतो, दिवसभर सासूबाई मुलांना बघतात. गेलं वर्षभर मुलगी भावाला कुठलीच वस्तू देत नाही. शेअरिंग म्हणून नाहीच. सासूबाई म्हणतात, 'तू मोठी ना, दे त्याला', की ती वस्तू अजूनच घट्ट धरते. आम्ही सगळं करून पाहिलं. प्रत्येक गोष्ट दोन-दोन आणली, तर त्याला तिच्याच हातातली हवी असते. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावला. शेअर केलं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की आइस्क्रीम, असा तक्ता फ्रिजवर लावला. तर भावाच्या हातात एक तुटका खडू कोंबून 'आता चांदणी?' असं विचारत आली. शेवटी 'भांडलात तर दोघांनाही नाही' म्हणून वस्तू माळ्यावर टाकायला लागले. मागच्या महिन्यात माझ्या बहिणीने तिला ४८ रंगांची ऑइल पेस्टलची पेटी दिली. धाकट्याने पहिल्याच दिवशी त्यातले चार खडू मोडले. दुसऱ्या दिवशी तिने पेटी लपवली. कुठे, तर वॉशिंग मशीनमध्ये, कपड्यांच्या खाली. मी न बघता मशीन सुरू केली. ह्यांचे ऑफिसचे पाच शर्ट रंगले. मी फार बोलले तिला. स्वार्थी, अप्पलपोटी, असंही म्हणाले. त्यावर ती म्हणाली, 'मी कुठे म्हटलं होतं मला मोठी करा?' आम्ही दोघंही भरल्या घरात वाढलो, सगळं वाटून खाल्लं. मग आमची मुलगी अशी का झाली? तिला उदार कसं करायचं?"

नमस्कार.

शर्टांकडे शेवटी येते. आधी मशीनकडे.

तुमची मशीन वरून झाकण असलेली असणार, असा माझा अंदाज आहे. आता साडेतीन वर्षांच्या मुलाचा हात तुमच्या घरात कुठे कुठे पोचतो ते आठवा. पलंगाखाली पोचतो, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पोचतो, तिच्या दप्तरात तर पोचतोच. कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत त्याचा पोचत नाही, पण तिचाही पोचत नाही. या पोरीने घरभर हिंडून अशी एकच जागा हेरली, जिला झाकण आहे, जिथे तिचा हात पुरतो आणि त्याचा पुरत नाही. तिला तिजोरी हवी होती. ती तिने शोधून काढली. बिचारीला धुण्याचं वेळापत्रक तेवढं ठाऊक नव्हतं.

तिने नेमका कोणता नियम मोडला, हे मी तुमच्या पत्रात दोनदा शोधलं. मला सापडला नाही. पेटी तिची होती, मावशीने तिला दिली होती, आणि पहिल्याच दिवशी तिच्यातले चार खडू मोडले होते. तुमची नवी कोरी साडी कुणी पहिल्याच दिवशी फाडली असती, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही ती कुठे ठेवली असती?

आता 'शेअर' या शब्दाबद्दल. मी सहकारनगरात जवळजवळ तीस वर्षं बालवाडी चालवली. शेवटच्या दहा-बारा वर्षांत हा शब्द असा काही शिरला, की आया मुलांना शाळेच्या फाटकात सोडताना 'बाय' म्हणायच्या आणि पाठोपाठ 'शेअर कर हं'. शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की त्या एका शब्दात आपण पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. वाटून खाणं वेगळं. आळीपाळीने खेळणं वेगळं. उसनं देणं वेगळं. नुसतं बघायला देणं वेगळं. देऊन टाकणं तर फारच वेगळं. बाकरवडीचा अर्धा तुकडा दिला की तो गेला. सायकल दिली की ती सोसायटीला एक फेरी मारून परत येते. खडू दिला की तोही परत येतो, पण बुटका होऊन. मोठ्या माणसाला हे फरक न सांगता कळतात. मुलाला प्रत्येक वेळी ऐकू येतं एकच: दे.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी. महिनाभर घरात 'शेअर कर' म्हणायचं बंद करा आणि त्या वेळी जे हवंय त्याचं नाव घ्या. "त्याला एक चित्र काढायला पिवळा उसना देतेस का? चित्र झालं की मी परत आणून देईन." हे वाक्य लांबलचक आहे, मान्य. पण यात काय जाणार, किती वेळ जाणार आणि परत कोण आणणार, हे सगळं आहे. आणि ती 'नाही' म्हणाली, तर ते नाही मानायचं. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर चालत नाही, तो हुकूम असतो. मुलांना तो लगेच ओळखू येतो.

नाही म्हणायची मोकळीक दिली तर ती कायम नाहीच म्हणेल, अशी भीती तुम्हाला वाटेल. सुरुवातीला म्हणेलही. पंधरा दिवस मनाची तयारी ठेवा. पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांचा २०१३ सालचा एक प्रयोग मला पटतो. एक बाहुला कुत्रा उदास आहे, असं बालवाडीच्या वयाच्या मुलांना दाखवलं. काहींना विचारलं, हा स्टिकर तू ठेवतोस की त्याला देतोस? काहींना सांगितलं, तुला द्यावाच लागेल. नंतर दुसरा बाहुला आला तेव्हा, आधी ज्यांनी आपल्या मनाने दिलं होतं त्यांनी सक्तीने दिलेल्यांपेक्षा जास्त स्टिकर दिले. बालवाडीत मी हेच बघत आले. हातातून काढून घेतलेलं मूल दुसऱ्या दिवशी वस्तू फ्रॉकखाली धरून बसतं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य: "आम्ही सगळं वाटून खाल्लं." खाल्लं असणार. मीही खाल्लं. एक तीळ सात जणांत, हे मी पाठ करत मोठी झाले. नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, आम्ही चार भावंडं. वाटून खायचो, कारण दुसरा इलाज नव्हता. आणि डब्यातल्या करंज्या मोजून ठेवलेल्या असूनही एखादी परकराच्या ओच्यात जायचीच. हे आपण मुलांना सांगत नाही. पण त्या दोन खोल्यांत माझ्या मालकीचा एक कोनाडा होता. वीतभर खोल. त्यात सागरगोटे, फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणि दंतमंजनाचा एक रिकामा डबा. आजीने सगळ्यांना बजावलं होतं, की मला विचारल्याशिवाय त्या कोनाड्याला कुणी हात लावायचा नाही. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा दादासुद्धा विचारायचा. आणि दादाने विचारलं, की नाही म्हणायला मला जीभच उचलायची नाही! चार माणसांत दोन खोल्या वाटून घेताना तेवढी वीतभर जागा माझी होती. तुमच्या टू-बीएचकेत तुमच्या मुलीची वीतभर जागा कुठली?

ती आधी करा. कपाटाचा एक खण रिकामा करून द्या, हवं तर कुलूप लागणारा. त्यातलं ठेवायचं की द्यायचं, हे तिने ठरवायचं. धाकट्यालाही एक खण द्या. त्याच्या खणातली गाडी घ्यायची तर तिनेही विचारायचं, आणि तुम्हीही. बाकीच्या वस्तू घराच्या: ठोकळे, चेंडू, पत्ते, गोष्टींची पुस्तकं. त्यांच्यावर मालकी सांगायची नाही. कोणती वस्तू कुठल्या गटात, हे दोघांना घेऊन बसून ठरवा, आणि पुढे वाढदिवसाला काही आलं की त्याच दिवशी ठरवा. दुसरीतली मुलगी आहे, तिला पाटी लिहायला सांगा. पुण्यात राहून स्वतःच्या खणावर पाटी नाही, हे बरं दिसत नाही. माझ्या नातीने लिहिली होती: "विचारल्याशिवाय हात लावू नये. विचारले तरी नाही म्हणण्यात येईल." शेवटचं वाक्य तिचं तिलाच सुचलं, आम्ही शिकवलेलं नाही.

सोसायटीतले मित्र-मैत्रिणी घरी येणार असतील, तर ते यायच्या आधी विचारा, "आज कशाला हात लावू द्यायचा नाही?" ते खणात गेलं की उरलेलं सगळ्यांचं. पाहुण्यांसमोर अचानक 'दे गं तिला' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

तुम्ही केलेल्या उपायांपैकी टायमर मला अर्धा पटतो. झोपाळा, सायकल, घसरगुंडी, जिथे वीस जण रांगेत आहेत, तिथे ठीक. पण चित्र पाच मिनिटांत होत नाही. कुणी स्वयंपाक अर्धा झाल्यावर गॅसवरून कढई उचलून नेली तर कसं वाटेल? मारिया माँटेसरींच्या पद्धतीत वर्गात प्रत्येक साधन मुद्दाम एकेकच ठेवतात. ज्याने घेतलं तो पुरेपूर वापरतो, जागेवर ठेवतो, मग दुसरा घेतो. तेच घरात आणा: झालं की मिळेल. थांबणाऱ्याने "पुढचा नंबर माझा" एवढं सांगून ठेवायचं. दोन-दोन वस्तू आणणं तर सोडूनच द्या. त्याला लाल गाडी नको असते, ताईच्या हातातली लाल गाडी हवी असते, आणि तशी गाडी तुळशीबागेत मिळत नाही.

चांदण्यांच्या तक्त्याबद्दल मुलीनेच तुम्हाला उत्तर दिलं आहे. तुटका खडू देऊन चांदणी मागितली, यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुम्ही दुकान मांडलंत, ती गिऱ्हाईक झाली. तक्ता काढा. मात्र आजवर जमलेल्या चांदण्यांचं आइस्क्रीम खाऊ घालून मग काढा, शब्द दिला होता तुम्ही. माळ्यावर वस्तू टाकायचंही बंद करा. त्यात ज्याची वस्तू आहे त्याला शिक्षा होते आणि ज्याची नाही त्याचं काहीच जात नाही. चार वेळा असं झालं की धाकट्याला कळतं, रडलो तर मला मिळेल. नाहीच मिळालं तर तिलाही मिळणार नाही.

थांबायचं म्हणजे धाकटा रडेल. रडू दे. त्याला जवळ घ्या, "हवाय ना तुला तो निळा? थांबणं फार कठीण असतं" म्हणा, पण ते रडू थांबवायला ताईची वस्तू वापरू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'थोड्या वेळाने' म्हणजे काहीच कळत नाही. "आजीच्या तीन पोळ्या होईपर्यंत" हे कळतं. त्याला पोळ्या मोजायला ओट्यापाशी, तव्यापासून लांब, स्टुलावर बसवा.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं, ते.

एक हिशोब करा. मुलगी आज सात वर्षांची, मुलगा साडेतीन. तो जन्मला तेव्हा ती किती वर्षांची होती? साडेतीन. म्हणजे आज तो जेवढा आहे, बरोबर तेवढी. आणि त्या दिवसापासून ती 'मोठी' आहे. दवाखान्यातून तुम्ही बाळ घेऊन आलात तेव्हा दारात उभ्या असलेल्या मुलीला सगळ्यांनी सांगितलं असेल, आता तू ताई झालीस हं, आता शहाण्यासारखं वागायचं. त्याच वयाच्या त्याला आज आपण म्हणतो, "लहान आहे गं तो, त्याला काय कळतंय." आणखी साडेतीन वर्षांनी तो सात वर्षांचा होईल, तेव्हाही तो लहानच असेल, कारण ती साडेदहाची झालेली असेल. हे राज्य तिच्यावर आलं ते कधी उतरतच नाही. गल्लीतल्या खेळात आपण लिंबूटिंबूला आऊट करत नाही, पण दर वेळी त्याच्या बदल्यात एकाच मुलीवर राज्य द्यायचं, असं कोण करतं? "मी कुठे म्हटलं होतं मला मोठी करा?" हे मला उद्धटपणाचं वाटलं नाही. पत्र येऊन आठ दिवस झाले, भाजी निवडतानाही ते वाक्य आठवतं.

तेव्हा 'तू मोठी ना' हे वाक्य घरातून हद्दपार. आणि 'स्वार्थी', 'अप्पलपोटी' हे शब्दही. ते तुमच्या तोंडून रागात गेले, कुणाच्याही जातात. पण परत घ्या. रात्री ती झोपताना तिला सांगा, "मशीनचा मला राग आला होता. पण तू स्वार्थी आहेस असं मी म्हणाले, ते चुकलं माझं. तुझी पेटी सांभाळायची जागाच आपण तुला दिली नव्हती." एवढंच. पुढे 'पण तूसुद्धा' लावू नका. आणि ऑइल पेस्टलची नवी पेटी आणा, थोड्या रंगांची आणली तरी चालेल. अजून एक माहिती असू दे. स्वित्झर्लंडमधल्या तीन ते आठ वर्षांच्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वाट्याची गोळी सोडून समोरच्याला देण्याची वेळ आली, तेव्हा तीन-चार वर्षांची फारच थोडी मुलं तयार झाली, आणि सात-आठ वर्षांच्यांतलीही निम्म्यापेक्षा कमी. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. वयाप्रमाणे वागते आहे.

सासूबाईंना हे कसं सांगायचं, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. हे उत्तर त्यांना वाचून दाखवू नका, कृपा करून. दिवसभर दोन मुलं त्या सांभाळतात, रडारड त्यांच्या कानांशी होते. 'दे त्याला' म्हटलं की घर पाच मिनिटं शांत होतं, हा त्यांचा अनुभव आहे. त्यांना काम द्या. खणांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. 'पुढचा नंबर कुणाचा' याचा निवाडा त्यांच्याकडे. किल्ली कमरेला असलेली आजी पक्षपात करत नाही, असा माझा अनुभव आहे.

खाऊचं मात्र वेगळं. खाऊ कुणाच्याच खणात जात नाही, तो घराचा. तिथे वाटून खायचंच, आणि वाटणीची एक जुनी युक्ती आहे: जो कापेल, तो मागाहून उचलेल. ती चिक्कीचे दोन तुकडे करणार असेल तर पहिला तुकडा तो निवडणार. काय पट्टीने मोजल्यासारखे तुकडे होतात बघा. आंब्याच्या दिवसांत कोयीचा प्रश्न येईलच; कोय आज एकाला, उद्या दुसऱ्याला, आणि कॅलेंडरवर नाव लिहायचं, नाहीतर 'काल कुणाची होती' यावर महायुद्ध होतं. आणि त्यांना चिमणीच्या दाताने तोडायला शिकवा. गोळी फ्रॉकच्या टोकात गुंडाळायची, वरून दात रोवायचा, कट्कन दोन तुकडे, उष्टं कुणाचंच नाही. फ्रॉकला डाग पडतो. पण अर्धी गोळी आपणहून दुसऱ्याला द्यायची मजा मी जी शिकले, ती त्या कट्कन आवाजासकट शिकले.

याशिवाय दोघांना एकत्र राबवा. जर्मनीत लाइपझिगला तीन वर्षांच्या मुलांवर झालेला २०११ सालचा प्रयोग आहे. दोघांनी मिळून दोऱ्या ओढल्या आणि एकाला तीन, दुसऱ्याला एकच बक्षीस मिळालं, तर तीनवाला बऱ्याचदा आपलं एक देऊन दोन-दोन करायचा. न राबता आयतं मिळालं, तर इतका उदार होत नसे. आपल्याकडे यासाठी दिवाळीतल्या किल्ल्याइतकी चांगली गोष्ट नाही. तो माती कालवेल, ती तट बांधेल, दोघं मिळून हळीव पेरतील. मावळे कुठे उभे करायचे यावर भांडण होईल, होऊ दे. महाराज मात्र एकच असतात, ते कोण बसवणार हे आधी ठरवा.

आणि देणं त्यांच्या डोळ्यांना दिसू दे. शेजारून कैरीच्या लोणच्याची वाटी आली, तर ती रिकामी परत जात नाही, ही आपली जुनी रीत. ती वाटी मुलीच्या हातात द्या. "आपण यात काय घालू?" हे तिलाच विचारा. ती चार शेंगदाणे म्हणाली तरी चार शेंगदाणे न्या. जुनी खेळणी कुणाला द्यायची असतील तर धड असलेली द्या. चाक निघालेली गाडी देणं ही घराची साफसफाई झाली. कुठली द्यायची ते तिने ठरवायचं. आवडती मागू नका.

हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत मारामारी रोजची राहिली, मुलगी कुणाला इजा करायला लागली, किंवा शाळेतही गप्पगप्प राहायला लागली, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. पत्रावरून मला तसं काही दिसत नाही.

आता शर्ट. तुमच्या एवढ्या लांब पत्रात मुलांचे बाबा एकदाच येतात, तेही शर्टांच्या रूपाने. यापुढे खणांची वाटणी आणि रात्रीची गोष्ट त्यांच्याकडे द्या. डागांवर भांडी घासायचं लिक्विड चोळून अर्धा तास ठेवा, मग कोमट पाण्यात ब्रशने घासा. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, नाहीतर रंग पक्का बसतो. पाचातले दोन-तीन तरी सुधारतील. जो अगदीच गेला असेल तो मुलीला द्या, चित्रं काढताना घालायला. बाह्या मुडपून, बटणं पाठीकडे येतील असा उलटा घातला की छान झगा होतो. धाकटा 'मला पण' म्हणेलच. त्याच्यासाठी बाबांचा दुसरा शर्ट आहे.